स्वालबार्डला प्राणी-पक्षी बघायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या या बेटांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम बरेच कडक झाले. त्याआधीची प्रवासवर्णनं वाचून किंवा यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून बेत आखला असेल, तर निदान ६, ७ आणि ८ क्रमांकाची उत्तरं वाचून मगच पैसे भरा.

१. स्वालबार्ड नेमकं कुठे आहे? ते एकच बेट आहे का?

नाही, तो द्वीपसमूह आहे. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर तो येतो. स्पिट्सबर्गन हे त्यातलं सर्वांत मोठं बेट. सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा अंदाजे पाचवा हिस्सा. त्यातली निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली आहे, आणि जवळपास ६५ टक्के भाग राष्ट्रीय उद्यानं व अभयारण्यांत मोडतो. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावाबाहेर पडलं की रस्ते संपतात. पुढे उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबिल किंवा कुत्र्यांची गाडी.

२. पेंग्विन दिसतील ना?

नाही. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकत्र फक्त जाहिरातीत भेटतात.

३. मग काय काय दिसतं?

ध्रुवीय अस्वल, वॉलरस, आखूड पायांचे स्वालबार्ड रेनडिअर, ध्रुवीय कोल्हा, तीन-चार जातींचे सील. पाण्यात बेलुगा, आणि नशीब जोरावर असेल तर फिन व्हेल किंवा ब्लू व्हेलसुद्धा. बाकी राज्य पक्ष्यांचं: गिलेमॉट, लिटल ऑक, पफिन, सुरय, बार्नकल हंस, आयडर बदकं. यातले जवळजवळ सगळे उन्हाळी पाहुणे. जमिनीवरच्या पक्ष्यांपैकी बारा महिने तिथेच राहणारा एकच, रॉक टार्मिगन.

अस्वलासाठी म्हणून गेलेले लोक परत आल्यावर पक्ष्यांच्या कड्यांबद्दल जास्त बोलतात, असं मी पाहिलंय. हिन्लोपेन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेट या कड्यावर गिलेमॉटच्या सुमारे ६०,००० जोड्या घरटं न बांधता थेट खडकाच्या अरुंद पट्ट्यांवर अंडी घालतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच, अजून नीट उडता येत नसताना, कड्यावरून खाली समुद्रात उडी घेतं. पुढचा सांभाळ बाप करतो, पाण्यावरच. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे असाल, तर या उड्या बघायला मिळतात. नेम चुकून जमिनीवर पडलेल्या पिल्लांसाठी कोल्हे खाली टपून बसलेलेही दिसतात.

४. कधी जावं?

काय बघायचंय त्यावर आहे. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात लाँगइयरब्येनला सूर्य मावळत नाही. उलट ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. तेव्हा प्राणी बघायला कुणी जाऊ नये, ध्रुवीय प्रकाशासाठी जावं.

जूनमध्ये समुद्रावर बर्फ असतो, त्यामुळे बर्फाच्या कडेने जाणाऱ्या जहाजांना अस्वल दिसण्याची शक्यता चांगली, पण काही फ्योर्डांत, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाड्यांत, जाता येत नाही. जुलैत पक्षी ऐन भरात, वॉलरस किनाऱ्यावर आणि टुंड्रा फुलांवर. ऑगस्टच्या मध्यानंतर पक्ष्यांचे कडे ओस पडतात, पण जहाजं थेट उत्तरेला आणि पूर्वेला जाऊ शकतात. एकच महिना निवडायचा, तर मी जुलै निवडेन. मार्च-एप्रिलमध्ये स्नोमोबिलवरून जाणाऱ्यांना निसर्ग अफाट दिसतो, प्राणी मात्र मोजकेच.

५. व्हिसा लागत नाही म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे कुठल्याही देशाच्या माणसाला व्हिसाशिवाय राहता येतं. भारतही त्या कराराचा भाग आहे. पण विमान जातं ओस्लो किंवा ट्रॉम्सोवरून, आणि तिथे पोचायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागतो.

खरी गोम पुढे आहे. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्रात नाही. ओस्लोहून लाँगइयरब्येनला निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, आणि परत येताना नव्याने आत शिरता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद. अर्जात दोन किंवा अनेक प्रवेशांचा पर्याय मागा, आणि व्हिसा हातात आल्यावर त्यावर काय छापलंय ते त्याच दिवशी वाचा. ओस्लो ते लाँगइयरब्येन या विमानालाही पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका.

६. मोठं क्रूझ जहाज स्वस्त पडतं. तेच घेतलं तर?

प्राण्यांसाठी जात असाल तर घेऊ नका. संरक्षित क्षेत्रात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी आहे. हजार-दोन हजार माणसांचं जहाज लाँगइयरब्येनला लागतं, आसपासचा फ्योर्ड दाखवतं आणि पुढच्या बंदराला निघतं. लहान जहाजांनाही संरक्षित क्षेत्रात आता फक्त ठरवून दिलेल्या ४३ जागीच माणसं उतरवता येतात. त्यामुळे माहितीपत्रकात ‘जिथे प्राणी दिसतील तिथे उतरू’ असं लिहिलेलं असेल, तर ते पत्रक जुनं आहे.

लहान जहाजाची आठवड्याची सफर महाग असते, यात वाद नाही. परवडत नसेल तर लाँगइयरब्येनला चार-पाच दिवस मुक्काम करून दिवसभराच्या बोटसफरी घ्या. गावालगतच्या इसफ्योर्डमध्येही वॉलरस, पफिन, हिमनदीचं तोंड हे सगळं दिसू शकतं. अस्वलाची आशा मात्र कमी ठेवा.

७. अस्वल नक्की दिसेल का?

‘नक्की’ म्हणणाऱ्या एजंटाकडे बुकिंग करू नका. बॅरेंट्स समुद्राच्या सगळ्या परिसरात २००४ च्या गणनेनुसार अंदाजे २,६५० अस्वलं होती. त्यातली स्वालबार्डच्या बेटांवर बारमाही राहणारी सुमारे ३००. बाकीची बर्फाबरोबर उत्तरेला सरकतात, कारण त्यांचं भक्ष्य असलेला सील बर्फावर असतो.

शिवाय तिथल्या कायद्याने अस्वलाचा माग काढणं, त्याला आमिष दाखवणं, त्याला त्रास होईल अशा बेताने त्याच्या मागे जाणं, हे सगळं गुन्हा आहे. सफारीतल्या जीपसारखं ‘चला, तिकडे दिसलाय’ म्हणून धावता येत नाही. जहाज आपल्या वाटेने जातं आणि डेकवरची माणसं दुर्बिणीतून बर्फ चाळत बसतात. बर्फ निळसर-पांढरा असतो, अस्वल लोण्यासारखं पिवळट. तसा ठिपका दिसला तर पाच मिनिटं त्याच्यावरची नजर हटवू नका. बहुतेक वेळा तो मातीने मळलेला बर्फ निघतो. कधीतरी तो मान वर करतो.

८. अस्वलाच्या किती जवळ जाता येतं?

१ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर, वर्षातल्या बाकी दिवसांत किमान ३०० मीटर. माणूस, बोट, स्नोमोबिल, सगळ्यांना हाच नियम, जमिनीवरही आणि समुद्रावरही. वसंतात अंतर जास्त, कारण तेव्हा माद्या गुहेतून नवी पिल्लं घेऊन बाहेर पडतात आणि वर्षाची बेगमी करणारी शिकारही त्याच दिवसांत होते.

यावर लोक वैतागतात. ‘एवढे पैसे मोजून पाव किलोमीटरहून जास्त लांबून बघायचं?’ माझं मत सांगतो. शंभर मीटरवरचं अस्वल बहुधा तुमच्याकडेच बघत असतं, आणि त्याचं जे चाललं होतं ते थांबलेलं असतं. तीनशे मीटरवरचं अस्वल सीलच्या बिळापाशी नाक खुपसून बसलेलं असतं, पिल्लाला पाजत असतं, बर्फावर लोळून अंग पुसत असतं. मला दुसरं बघायला आवडतं. चांगली दुर्बीण घ्या, ८x४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. हलत्या डेकवर १०x पेक्षा ती स्थिर राहते.

९. एवढ्या लांबून फोटो येतो का?

हिशेब करून बघा. अस्वल सव्वादोन मीटर लांब धरा. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ६०० मिमी लेन्स लावली, तर ३०० मीटरवरचं अस्वल चौकटीच्या रुंदीचा सुमारे आठवा भाग व्यापतं. ५०० मीटरवर तेराव्या भागाच्या आसपास. म्हणजे चेहऱ्याचा फोटो विसरा. भोवतीच्या बर्फासकट, हिमनदीच्या भिंतीसकट छोटंसं अस्वल असा फोटो घ्या, तो चांगला येतो. मोबाइलवर ठिपका येईल. तो नातेवाइकांना दाखवताना बोट ठेवून सांगावं लागतं.

१०. अस्वल आपणहून जवळ आलं, तर नियम मोडला असं होतं का?

अस्वलं कुतूहलाने येतात, धुक्यातून अचानक समोर येतात. तेव्हा जबाबदारी तुमची, म्हणजे मागे सरायची आणि अंतर पुन्हा वाढवायची. शांतपणे, धावपळ न करता. ‘तेच आलंय, आता थांबूया’ ही सबब चालत नाही. जहाज असेल तर कप्तान बघून घेतो. जमिनीवर असाल तर गाइड सांगेल त्या क्षणी बोटीकडे वळायचं. फोटो अर्धा राहिला तरी.

११. गाइड न घेता गावाबाहेर फिरता येईल का?

कायदा सरसकट मना करत नाही. पण वस्तीबाहेर अस्वलाला हुसकावण्याचं योग्य साधन जवळ असणं बंधनकारक आहे, आणि बंदूकही ठेवा असं तिथले गव्हर्नर, म्हणजे सिसेलमेस्टर, सांगतात. बंदूक भाड्याने घ्यायलाही परवाना लागतो. गावाच्या टोकाला अस्वलाचं चित्र असलेली पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की हा इशारा साऱ्या स्वालबार्डला लागू आहे. १९७१ पासून अस्वलाच्या हल्ल्यात ६ माणसं दगावली आहेत. त्यातला २०२० चा हल्ला विमानतळाजवळच्या तंबूंच्या जागेवरच झाला. बंदूक कधी हातात न धरलेल्याने गाइड घ्यावा, एवढंच.

१२. वॉलरसच्या जवळ जाता येतं म्हणे?

अस्वलापेक्षा जवळ, हो. मोटरबोटींनी किनाऱ्यावर पहुडलेल्या कळपापासून १५० मीटर लांब राहायचं, आणि ३०० मीटरच्या आत वेग ५ नॉटच्या (ताशी सुमारे ९ किलोमीटर) वर न्यायचा नाही. म्हणून लांब उतरून चालत जातात. एका ओळीत, हळू, समुद्राची बाजू मोकळी सोडून. कळप आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहिलं की त्यांची पळवाट अडते. गाइड साधारण ३० मीटरवर थांबवतात. पिल्लं असतील तर १५० मीटरवर.

मग उभं राहून बघा. नुकताच पाण्यातून आलेला वॉलरस फिकट, जवळजवळ राखाडी दिसतो, कारण थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात. शेजारी तासभर ऊन खात पडलेला गुलाबी-तांबूस झालेला असतो. मधूनच एखादा सुळे शेजाऱ्याच्या पाठीत रोवून जागा करून घेतो. वासाची तयारी ठेवा. एकाने मान वर केली तर ठीक. तीन-चारांनी एकदम केली, तर तुमचं जवळ येणं जास्त झालंय, मागे व्हा.

पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक नरच दिसतात. माद्या आणि पिल्लं जास्त करून ईशान्येला. शिकारीने हा प्राणी इथून जवळपास संपवला होता. १९५२ मध्ये संरक्षण मिळाल्यावर हळूहळू परतला. ८० अंश उत्तरेजवळच्या मोफेन बेटावर मात्र १५ मे ते १५ सप्टेंबर कुणीच उतरू शकत नाही, बोटीही ३०० मीटर लांबूनच जातात. कार्यक्रमात ‘मोफेन’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ जहाजावरून दर्शन, एवढाच.

१३. पक्षी डोक्यावर हल्ला करतात हे खरं का?

सुरय करतात. ते जमिनीवर अंडी घालतात, गावातल्या रस्त्याकडेलासुद्धा. तुम्ही जवळ गेलात की किंचाळत डोक्यावर सूर मारतात, आणि चोच टोकदार असते, रक्त निघतं. सगळ्यांत उंच जागेवर ते मारतात, म्हणून काठी किंवा हात डोक्याच्या वर सरळ धरा. फिरवू मात्र नका, पक्षी जखमी होतो. मग आलात त्याच वाटेने परत फिरा. पायाखाली बघत, कारण अंडी खड्यांच्या रंगाची असतात.

१४. गावात रेनडिअर फिरतात. त्यांना हात लावला, खायला दिलं तर?

दोन्ही नाही. ते पाळीव नाहीत. दाराशी येऊन चरत असले तरी तुम्ही थांबा, त्यांना चरू द्या. त्यांना उन्हाळ्यात मिळेल तेवढी चरबी साठवायची असते. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून कवच तयार झालं की खालचा चारा मिळत नाही आणि त्या वर्षी बरेच उपाशी मरतात. कोल्ह्याच्या बाबतीत तर आणखी सांभाळा. स्वालबार्डमध्ये रेबीज आढळलेला आहे, आणि माणसाला न घाबरणारा कोल्हा आजारीही असू शकतो. मेलेल्या प्राण्या-पक्ष्यांनाही हात लावू नका. अलीकडे तिथे बर्ड फ्लूही पोचला आहे.

१५. ड्रोन नेऊ का?

घरी ठेवा. विमानतळाभोवती ५ किलोमीटर बंदी, पक्ष्यांच्या कड्यांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट बंदी, संरक्षित क्षेत्रांत बंदी, नी-ऑलेसुंदला रेडिओ-शांतता (प्रश्न १९). उरलेल्या जागेसाठी सामानात वजन कशाला?

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

चालता येत असेल तर झेपतं. अडचण थंडीची नसून झोडियाकची असते. जहाजाच्या बाजूच्या जिन्यावरून हलत्या रबरी बोटीत उतरायचं, किनाऱ्याशी घोटाभर पाण्यात पाय टाकायचा. गुडघे दुखत असतील तर आधीच जहाजवाल्यांना सांगा. बरेचजण झोडियाकमधूनच फेरी मारून येतात, आणि कडे तिथूनच चांगले दिसतात. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवर न्यावं लागतं. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि हवाई रुग्णवाहिका आहे का, हे पॉलिसीत शोधून वाचा.

१७. कपडे कसले घ्यावेत?

जुलैत तापमान ५ ते ९ अंशांच्या घरात असतं, महाबळेश्वरच्या थंडीतल्या पहाटेएवढं. बोटीवरचा वारा मात्र हाडं गोठवतो. अंगालगत लोकरी थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण एक भिजतेच.

निघण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून, जाकिटाचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या साफ करून घ्या. सह्याद्रीत चिकटलेलं गवताचं बी तिथल्या टुंड्रात पडायला नको. गावात बऱ्याच हॉटेलांत आणि संग्रहालयात बूट दाराशी काढावे लागतात. कोळसा खाणींच्या दिवसांपासूनची पद्धत आहे, आपल्याला ती शिकवावी लागत नाही.

१८. शाकाहारी जेवण मिळतं का? घरून खाऊ नेला तर?

जहाजावर मिळतं, आधी कळवलं तर. जैन जेवण हवं असेल तर नुसतं ‘जैन’ न लिहिता कांदा, लसूण, बटाटा, अंडं नको असं सविस्तर लिहा.

खाऊ नेताना एक अडचण आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे चिवडा, खाकरे, चटण्या चालतील. पेढे, तूप, बर्फी नाही. आणि किनाऱ्यावर उतरताना खिशात काही खायचं ठेवू नका. प्रश्न १४ मधला कोल्हा वासावर येतो.

१९. भारताचं हिमाद्री केंद्र बघता येतं का?

बाहेरून, जहाज नी-ऑलेसुंदला थांबलं तर. हे ७८ अंश ५५ मिनिटं उत्तरेचं संशोधकांचं गाव. तिथे जुलै २००८ मध्ये हिमाद्री सुरू झालं. चालवते गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था. आत प्रवेश नसतो, दार वाजवू नका, माणसं काम करत असतात. चिनी केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह आहेत, आणि गावाबाहेर १९२६ च्या ‘नॉर्गे’ या वायुनौकेला (वायू भरलेल्या फुग्यासारख्या जहाजाला) बांधायचा मनोरा उभा आहे.

गावाभोवती २० किलोमीटरपर्यंत वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं असतं, कारण तिथली उपकरणं फार क्षीण रेडिओ-संकेत टिपतात. फोन विमान मोडवर. स्मार्ट घड्याळ आणि बिनतारी इअरफोन लोक हमखास विसरतात.

२०. किनाऱ्यावर देवमाशाची हाडं, जुनी फळकुटं पडलेली असतात. एखादा तुकडा आणला तर चालेल?

नाही. १९४६ पूर्वीच्या माणसाच्या सगळ्या खुणांना आपोआप संरक्षण आहे: झोपड्यांचे अवशेष, पिंपाची पट्टी, गंजका खिळासुद्धा. देवमासे जिथे कापले जात, तिथली हाडं आणि थडग्यांवरचे क्रूस तर कितीही नवे असले तरी संरक्षित. सतराव्या शतकातल्या डच व्हेल-शिकाऱ्यांच्या स्मेरेनबुर्गला चरबी वितळवायच्या भट्ट्यांचे काळे ढिगारे अजून दिसतात. त्यांच्यावर चढून फोटो काढू नका. फुलं तोडणंही बेकायदा आहे.

२१. आणि प्लास्टिक? तेही उचलायचं नाही का?

ते उचला. मासेमारीच्या जाळ्या, दोऱ्या, डबे प्रवाहाबरोबर वाहत येतात, आणि जाळ्यांत रेनडिअरची शिंगं अडकून ते मरतात. बऱ्याच जहाजांवर यासाठी पोती असतात. फक्त सगळंच कचरा नसतं. लाकडाचे ओंडके सायबेरियातल्या नद्यांतून वाहत आलेले असतात, ते जिथल्या तिथे राहू द्या. काचेचा तरंगता गोळा, खिळे ठोकलेली फळी असं काही सापडलं, तर प्रश्न २० लागू होऊ शकतो. आधी गाइडला दाखवा, तो हो म्हणाला तरच पोत्यात टाका.